सुरुवात क्रमांक दोन

मी एक जुनी फाईल आहे, मित्रांनो. कपाटात दाटीवाटीने कोंबलेल्या गठ्ठ्यातली मी नव्हे, एवढं आधीच सांगून ठेवते. माझ्या पोटात बिलं नाहीत, हजेरीपत्रकं नाहीत. माझ्या पोटात पत्रांचे नमुने आहेत. घडीच्या शिड्या बनवणारा एक कारखाना, त्यात गिऱ्हाइकांना पत्रं लिहिणारी एक खोली आणि त्या खोलीत खिडकीजवळ एक टेबल. माझी जागा त्या टेबलावर होती. कपाटात नाही, टेबलावर. हा मान सगळ्या फायलींना मिळत नाही.

मला घडवलं मामांनी. मामा त्या खोलीचे हेडक्लार्क. त्यांची सख्खी भाची पुढे त्याच खोलीत कामाला लागली. ती त्यांना मामा म्हणायची, आणि बघता बघता साहेबांपासून रखवालदारापर्यंत सगळ्यांचे ते मामा झाले. माझा जन्म मात्र त्याच्या बऱ्याच आधीचा. तेव्हा प्रत्येक कारकून गिऱ्हाइकाला आपापल्या मनाने उत्तर लिहीत असे. एक जण दोन ओळींत झटकून टाकी, तर दुसरा तीन पानं भरून मूळ प्रश्नाला बगल देई. एका गिऱ्हाइकाने विचारलं होतं, शिडीचा रंग हाताला लागतो, काय करू? त्याला उत्तर गेलं, की आपला हात धुवावा. मामांनी कपाळावर हात मारून घेतला. मग सहा रविवार घरी बसून त्यांनी मला तयार केलं.

जाड पुठ्ठा, कापडी पाठ आणि आत तीन कप्पे. पहिल्या कप्प्यात पत्राच्या सहा सुरुवाती, दुसऱ्यात एकोणीस मजकूर, तिसऱ्यात चार शेवट. प्रत्येक कागदाला क्रमांक. गिऱ्हाइकाचं पत्र आलं की मामा ते वाचत, चष्मा कपाळावर चढवत आणि टायपिस्टला नुसतं सांगत, ‘चार-अकरा-दोन’. की झालं पत्र तयार. चार म्हणजे दिलगिरीची सुरुवात, अकरा म्हणजे शिडी डुगडुगते त्याचं उत्तर, दोन म्हणजे ‘कळावे, लोभ असावा’वाला शेवट. खोलीत कुणी रुसलं की बाकीचे म्हणत, याला सुरुवात चार लावा रे. मला भारी मजा वाटायची.

माझ्यातल्या सगळ्या कागदांत मामांचा जीव होता तो सुरुवात क्रमांक दोनवर. ती अशी होती: ‘आमच्या शिडीवर आणि आमच्यावर आपण दाखविलेल्या विश्वासाबद्दल आम्ही आपले मनःपूर्वक आभारी आहोत. आपल्यासारख्या चोखंदळ ग्राहकांमुळेच आमच्या कामाला उंची लाभली आहे.’ तो ‘उंची’ शब्द सुचला तेव्हा मामा दिवसभर खुशीत होते. शिडीच्या कारखान्याच्या पत्रात उंची! त्यांनी ते वाक्य घरी बायकोला वाचून दाखवलं, खोलीत सगळ्यांना वाचून दाखवलं, आणि साहेबांनाही ऐकवलं. ‘गिऱ्हाईक रागात असो की घाईत असो, पहिल्या परिच्छेदात त्याला गार करायचं,’ असं मामा म्हणत. आणि गिऱ्हाइकं व्हायचीही गार. काहीजण उलट टपाली कळवत, की इतकं गोड पत्र आम्हाला सोयऱ्यांकडूनही येत नाही. अशी पत्रं मामा माझ्या शेवटच्या पानाला टाचून ठेवत. मी फुगत गेले ती अशी.

मामा निवृत्त झाले तेव्हा कारखान्याने त्यांना एक शिडी भेट दिली. निळी, सहा पायऱ्यांची, मध्ये घडी पडणारी. दुसरं काय देणार म्हणा! प्रत्येक शिडीबरोबर एक कार्ड असे. दुकानदाराने विकतानाच त्यावर घेणाऱ्याचं नाव-पत्ता लिहून घेऊन ते कारखान्याला पाठवायचं. भेटीच्या शिडीचं कार्ड कुणी भरत नाही, पण मामांनी आपल्या मोत्यासारख्या अक्षरात ते तिथल्या तिथे भरलं आणि स्वतःच्या हाताने कार्डांच्या खोक्यात टाकलं. मग ते मुलाकडे राहायला दुसऱ्या गावी गेले, आणि टेबल, चष्म्याचं रिकामं घर आणि मी असा सगळा संसार भाचीकडे आला. खोलीत तिला ताई म्हणत. ताई हुशार, शब्दाला पक्की, आणि माझ्यावर तिचा मामांइतकाच विश्वास. दोन वर्षं आमचं छान चाललं.

मग एका महिन्यात तीन पत्रं आली. पहिलं एका रंगाऱ्याचं. शिडीवर चौथ्या पायरीवर होतो, घडी पक्की धरणारा मधला खटका आपोआप सुटला, खांद्यावर पडलो, असं त्याने लिहिलं होतं. दुसरं एका कापडदुकानदाराचं. त्याचा नोकर पडला होता, नशिबाने ताग्यांवर. तिसरं एका शाळेच्या शिपायाच्या बायकोने लिहिलं होतं, तिचा नवराही असाच पडला होता. ताईने तिन्ही कार्डं खोक्यातून काढून पाहिली. वरच्या छापील क्रमांकांवरून तिन्ही शिड्या एकाच खेपेच्या निघाल्या. ती उठून तडक कारखान्यात फोरमनकडे गेली. फोरमनने त्या खेपेचे उरलेले खटके काढून हातोडीखाली धरले. दहापैकी चार काडकन मोडले. पोलाद ठिसूळ निघालं होतं.

त्या खेपेच्या अकराशे चाळीस शिड्या कारखान्याबाहेर गेल्या होत्या. म्हणजे कुठेतरी अकराशे चाळीस घरांत, दुकानांत, शाळांत कुणी ना कुणी त्या शिडीवर चढत होतं. ताईने साहेबांना सांगितलं. साहेब वाईट नव्हते, मित्रांनो. त्यांनी लगेच नवे खटके बनवायला सांगितले, फुकट बदलून देऊ म्हणाले. पण पत्राचं नाव काढताच ते अस्वस्थ झाले. लोक घाबरतील, बोंबाबोंब होईल, कारखान्यात साठ माणसं आहेत, त्यांच्या पोटाचं काय, असं त्यांचं म्हणणं. ‘मामांच्या फायलीत असेल की काहीतरी, त्यातलंच एखादं सौम्य पत्र पाठवा,’ ते म्हणाले.

आणि खरं सांगते, ताईलाही तेच बरं वाटलं. ती माझ्याकडे आली, आणि मी अभिमानाने पान उलटू दिलं.

मजकूर क्रमांक सात मुळात शिडीच्या पायांखालच्या रबरी टोप्यांसाठी लिहिलेला होता. ‘आमची उत्पादने अधिकाधिक सोयीची व्हावीत म्हणून आम्ही सतत प्रयत्नशील असतो. त्याच प्रयत्नांचा एक भाग म्हणून आपल्या शिडीच्या रबरी टोप्या विनामूल्य बदलून देण्यात येतील.’ ताईने ‘रबरी टोप्या’ काढून तिथे ‘खटका’ घातला. अगदी शेवटी स्वतःचं एक वाक्य जोडलं: ‘तोपर्यंत शिडीचा वापर टाळावा.’ साहेबांनी सही करण्याआधी त्यात आपल्या हाताने एक शब्द घातला, ‘शक्यतो’. तर ‘तोपर्यंत शिडीचा वापर शक्यतो टाळावा.’ दोन-सात-एक. अकराशे चाळीस प्रती छापून आल्या. पाकिटांवर पत्ते घालायला तिघं बसली. मामांची भेटीची शिडीही त्याच खेपेची; त्यांचं पाकीट मात्र ताईने स्वतः लिहिलं. आपलं पत्र अजून चालतंय हे पाहून मामा खूश होतील, असं ती टायपिस्टला म्हणाली.

प्रत्येक पत्राबरोबर एक उत्तराचं कार्ड होतं. ते आलं की माणूस खटका बदलायला जाणार. पहिल्या आठवड्यात एकतीस कार्डं आली. दुसऱ्या आठवड्यात बत्तीस. बस्स. ताई रोज टपालाच्या पिशवीत हात घालून चाचपायची. तिला जेवण गोड लागेना. फोन करावेत तर कार्डावर फोनचा रकाना छापायचं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. ती पुन्हा साहेबांकडे गेली, दुसरं पत्र पाठवू म्हणाली. साहेब म्हणाले, जरा दम धरा, महिना जाऊ द्या, लोक आळशी असतात. मलाही तसंच वाटलं. माझ्यात काही खोट असेल हे माझ्या पुठ्ठ्यालाही शिवलं नाही.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी मामांच्या मुलाचा निरोप आला. मामा स्वयंपाकघरातला दिवा बदलायला शिडीवर चढले होते. खुब्याचं हाड मोडलं, उजवं मनगट मोडलं.

ताई तशीच मामांच्या गावी गेली. दोन दिवसांनी परत आली ती मला न्यायला. मामांनी फाईल मागितली होती. तिच्या पिशवीत, तिच्या डब्याला टेकून मी पहिल्यांदाच कारखान्याबाहेर पडले.

मामांची खाट खिडकीपाशी होती. पाय वजन लावून ताणलेला, उजवा हात प्लास्टरमध्ये. एवढे टापटिपीचे मामा, पण दाढी वाढलेली. ताईने मला त्यांच्या छातीवर ठेवलं आणि पर्समधून घडी केलेला एक कागद काढला. तो तिला मामांच्या घरी सापडला होता, त्यांच्या टेबलावर, कागदांवरच्या वजनाखाली नीट ठेवलेला. आमचंच पत्र. दोन-सात-एक. पाकीट व्यवस्थित फोडलेलं. आणि पत्राच्या पहिल्या परिच्छेदाशेजारी, समासात, पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘वा!’

ताईने विचारलं, ‘मामा, हे पत्र तुम्ही खालपर्यंत वाचलं होतं?’

मामांनी डोळे मिटले.

‘मला वाटलं, मला ते पाठ आहे,’ ते म्हणाले.

मित्रांनो, माझ्यावर आजवर शाई सांडली आहे, चहा सांडला आहे, एकदा उंदराने माझा कोपराही कुरतडला. पण त्या वाक्याने मी जेवढी पोळले तेवढी कशानेच नाही. ज्याने मला लिहिलं, त्याच्यासाठीसुद्धा मी वाचायचं पत्र उरले नव्हते. मग बाकीच्या हजार लोकांचं काय? त्यांनी पहिली ओळ पाहिली असेल, ‘आभारी आहोत’ वाचलं असेल, आणि हे काहीतरी विकायला आलेत म्हणून पत्र बाजूला सारलं असेल. नुसता खटका नव्हे, मीही ठिसूळ निघाले होते. इतकी वर्षं माझ्यावर कुणी हातोडी घातली नाही एवढंच.

ताई रडली. माझंच चुकलं मामा, म्हणाली, वेगळा निरोप धाडायला हवा होता. मामांनी डाव्या हाताने तिच्या डोक्यावर थोपटलं आणि मग नाक पुसून, जुन्या हेडक्लार्कच्या आवाजात तिला दामटलं. रडणं पुरे, लिहिलंयस का काही? ताईने वाटेत गाडीत बसून एक पत्र लिहिलं होतं. तिने ते वाचून दाखवलं.

‘तुमच्याकडची आमची निळी शिडी चढू नका. तिचा मधला खटका वजन पडल्यावर मोडू शकतो. चार माणसे पडली आहेत. एकाचे खुब्याचे हाड मोडले आहे. चूक आमच्या कारखान्याची आहे. शिडी घडी करून दोरीने बांधून ठेवा, म्हणजे घरातले दुसरे कोणी चढणार नाही. सोबतचे कार्ड आजच टपालात टाका. आमचा माणूस येऊन खटका बदलून देईल.’

मामांच्या कपाळाला आठी पडली. नमस्कार नाही, आभार नाही, कुणाच्या घरात शिरताना चपला तरी काढतो की नाही आपण, असं ते पुटपुटले. मामांनी माझा पहिला कप्पा उघडला, डाव्या हाताने चाचपडत सुरुवात क्रमांक दोन बाहेर काढली. मला वाटलं, आता ते ती ताईच्या पत्राच्या डोक्यावर बसवायला सांगणार. त्यांनी तो कागद एकदा वाचला. मग उशीखाली सरकवला.

‘एकाचे म्हणजे कुणाचे?’ ते म्हणाले. ‘असं मोघम नको. माझं नाव घाल. एकतीस वर्षं या कारखान्याची पत्रं लिहिणारा माणूस या शिडीवरून पडला, म्हणावं. आणि का पडला तेही लिही. कारखान्याचं पहिलं पत्र त्याने शेवटपर्यंत वाचलं नव्हतं.’

ताई म्हणाली, लोक हसतील मामा. मामा म्हणाले, हसायला तरी पुढे वाचतील.

साहेबांनी ते पत्र दोन दिवस टेबलावर ठेवलं. सही करेनात. तिसऱ्या दिवशी ताई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. मी तिच्या हातात होते. साहेब म्हणाले, हे वाचून आपल्याकडची शिडी पुन्हा कोण घेईल? मामा टेबलावर असते तर असलं पत्र बाहेर पडलंच नसतं. ताईने पहिलं पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. समासातलं ‘वा!’ दिसेल असं. साहेबांनी ते बघितलं. मग त्यांची नजर खाली गेली आणि शेवटच्या ओळीवर थांबली.

‘शक्यतो हा शब्द मी घातला ना?’

‘हो साहेब.’

त्यांनी पेन उघडलं आणि सही केली.

दुसरं पत्र गेलं, आणि चौथ्या दिवशी टपालवाल्याने पिशवी आणली ती दोन्ही हातांनी. आठवड्यात सातशे कार्डं. महिन्यात हजारावर. सोबत पत्रंही आली. कुणी शिव्या घातल्या होत्या, कुणी मामांची तब्येत विचारली होती. एका बाईने लिहिलं होतं, पहिलं पत्र मी पोरांना चित्र काढायला दिलं, ते आता शोधून वाचलं आणि हातपाय गार पडले. नव्या शिड्यांची मागणी उतरली, हे खोटं बोलणार नाही. जादा काम बंद झालं. जेवणाच्या सुट्टीत दोघातिघांनी ताईकडे पाठ फिरवली. फोरमन मात्र रोज तिच्या टेबलापाशी येऊन विचारायचा, आज किती?

मामा आता काठी घेऊन चालतात. उजव्या हाताने लिहिता येतं, पण ते मोत्यासारखं अक्षर गेलं. सुरुवात क्रमांक दोन त्यांच्याकडेच राहिली. त्यांनी ती फाडली की जपून ठेवली, मला माहीत नाही. माझ्या पहिल्या कप्प्यात तेवढी जागा रिकामी आहे. ताई मला उघडत नाही आता फारशी. प्रत्येक पत्राला ती कोरा कागद घेते, गिऱ्हाइकाचं पत्र दोनदा वाचते, आणि त्याला सगळ्यात आधी काय कळायला हवं ते वरच्या ओळीत लिहिते. आभार मानायचे असले तर खाली मानते. मला त्याचा राग नाही. आधी आला होता, तो गेला.

पण मित्रांनो, एकोणचाळीस कार्डं अजून आलेली नाहीत. त्यांतल्या काहींची पाकिटं पत्ता सापडत नाही असा शेरा घेऊन परत आली. ताईने त्या त्या भागातल्या दुकानदारांना, टपालकचेऱ्यांना, शाळांना हाताने पत्रं लिहिली. साहेबांनी वर्तमानपत्रात सूचना छापली. एका गिऱ्हाइकाने कळवलं, शिडी भावाने विकली, कुणाला ते त्यालाही आठवत नाही. अशा शिडीला पत्र कुठल्या पत्त्यावर लिहायचं? ती कुणाच्या तरी घरात भिंतीला टेकून उभी असेल. तिच्याबद्दल त्या घरात कुणालाच काही ठाऊक नसेल. ताई रोज सकाळी टपालाच्या पिशवीत हात घालते आणि मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहते.

म्हणून तर मी तुमच्याशी बोलायला बसले. तुम्ही पुढे मोठे व्हाल, कुणाला ना कुणाला पत्र लिहाल. गोड जरूर लिहा. पण ज्याने समोरच्याच्या हाडांना इजा होऊ शकते ते गोडाच्या खाली पुरू नका. आणि घरात एखादं आभारांनी सुरू होणारं पत्र पडलं असेल, तर मोठ्यांना सांगा, ते एकदा खालपर्यंत वाचा म्हणावं.

आणि अजून एक. तुमच्या घरात, शेजारी, मामाकडे, आत्याकडे निळ्या रंगाची, सहा पायऱ्यांची, मध्ये घडी पडणारी जुनी शिडी असेल, तर तिच्यावर चढू नका. कुणाला चढू देऊ नका. आत्ता उठा आणि तिला दोरी बांधा.

बघा, पुन्हा तेच केलं मी. माझा जन्म, माझा मान, माझं कौतुक, सगळं सांगून झाल्यावर हे आठवलं. हे मी पहिल्या ओळीत सांगायला हवं होतं.